खळीचा वास

भवानी पेठ, सोलापूर
१७ फेब्रुवारी १९७४

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

धोंडिरामास वीरभद्रप्पाचा शरणु शरणार्थी.

तू मिरजेच्या दवाखान्यात दाखल झालास आणि कॉट खिडकीजवळची मिळाली, हे पारूबाईंच्या कार्डावरून समजले. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असे लिहायची रीत आहे, पण मी खोटे लिहीत नाही. आम्ही खुशाल नाही. कारण तुझा कुत्रा.

तुझी छाती बरी होईपर्यंत तीन महिने कप्तानला सांभाळतो, जसा दिलास तसा परत देतो, असा शब्द मी तुला एसटी स्टँडवर दिला. त्याला पंधरा दिवस झाले. पंधरा दिवसांत त्याने बाजेची नवार खाल्ली, काशम्माची चप्पल खाल्ली, बेलाच्या झाडाभोवती गुडघाभर खड्डा केला. साखळीला बांधला की खुंट्याभोवती गोल फिरतो, तेही एकाच बाजूने. फिरून फिरून अंगणात नाली पडली आहे. उभा राहिला की पुढचा पंजा चाटतो. चाटून चाटून तिथले केस गेले. मंगळवेढ्याला तुझ्याकडे ज्वारीच्या रानात ससे हाकलणारे जनावर, त्याला आमच्या दहा पावलांच्या अंगणात काय सुचणार, हे मला कळते. म्हणून गुडघे दुखत असताना रोज सकाळी तळ्यापर्यंत नेऊन आणतो. मी दमतो, तो दमत नाही.

मला शंका आली की पिसाळला की काय. पाण्याला भितो का पाहावे म्हणून पुढे परात ठेवली. तो सगळे पाणी प्यायला. मला बरे वाटले. मग वाटले, इतके पाणी का प्यायला असेल.

काशम्मा म्हणते, "हे एक दिवस मला खाईल, आन् तुमी तितंच बसून धोंडिराम हवालदाराला पत्र लिवाल की, काशम्माला कुत्र्यानं खाल्लं, बाकी ठीक."

गुरांच्या डॉक्टरला आणू का? लगेच कळव. मला झोप नाही.

तुझा,
वीरभद्रप्पा

—

मिरज
२३ फेब्रुवारी १९७४

अप्पा, जयभीम.

डॉक्टर आणू नका. कप्तान पिसाळलेला नाही, त्याला काम नाही. गिरणीतून सुटल्यावर पहिले सहा महिने तुम्ही काय करत होता आठवा. रोज अकराच्या भोंग्याला गेटवर येऊन माझ्या चौकीत बसायचात, आणि मी विचारलं तर म्हणायचात, "सहज आलो." तुम्हाला निदान गेटपर्यंत येता येत होतं. त्याला साखळी आहे.

फौजेत मी अकरा वर्षं कुत्र्यांबरोबर काढली. आमचे उस्ताद पायांची कसरत कमी आणि डोक्याची जास्त घ्यायचे. पळवलेला कुत्रा तासाभरात परत ताजा होतो. विचार करायला लावलेला कुत्रा पाव तासात आडवा होतो. त्याला खेळणी लागतात, पण नुसती चघळायची नव्हेत. ज्यातून काही काढायचं आहे, काही शोधायचं आहे, अशी.

एक, जाड लाकडाला आरपार भोक असलं पाहिजे. त्यात खाणं खोल ठासून भरा आणि पुढे टाका. त्यानं लोळवावं, पंजानं धरावं, जिभेनं काढावं. तुम्ही मदत करायची नाही. दोन, तीन वाट्या पालथ्या घाला, एकीखाली तुकडा. ओळखली तर त्याची. तीन, वस्तू लपवायची आणि "ढूंढ" म्हणायचं. हे तिसरं घाईनं नको, आधीची दोन जमू द्या.

आम्ही वाळवलेली कलेजी वापरायचो. तुमच्या घरात ती येणार नाही आणि मी सांगणारही नाही. दुसरं काही वासाचं शोधा. फक्त वास एकच धरा, रोज बदलू नका. एका वासावर पक्का झालेला कुत्रा चुकत नाही.

मला सकाळ-संध्याकाळ अंडं देतात. सुया चालू आहेत. बरा आहे.

तुमचा,
धोंडिराम

—

भवानी पेठ, सोलापूर
१२ मार्च १९७४

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

धोंडिराम, शरणु शरणार्थी.

तुझ्या पत्राप्रमाणे केले. माळ्यावर गिरणीतली एक मोठी लाकडी बॉबिन होती, काशम्मा तिच्यावर वाळवणाची दोरी गुंडाळून ठेवायची. आरपार भोक आहे, लाकूड जुने, दाताला दाद देत नाही. तिच्यात आधी भाकरी भरली. कप्तानने दोन मिनिटांत काढली आणि माझ्याकडे असे पाहिले की मलाच लाज वाटली. मग गूळ भरला. मुंग्या आल्या. त्या त्याच्या नाकात गेल्या आणि दिवसभर शिंकत होता. मला वाटले आता न्यूमोनिया होतो.

मग येडूची आठवण झाली. तुला येडू माहीत नाही. आमच्या भिंतीपलीकडे राहतो, तेलुगू माणूस, दोन हातमागांवर चादरी विणतो. ताण्याच्या सुताला कडकपणा यावा म्हणून तो दर आठवड्याला पातेलेभर खळ शिजवतो. मी सायझिंग खात्यात एकतीस वर्षे खळच ढवळली. तो वास आला की मला अजून वाटते, पाळी सुरू झाली. त्याच्याकडून वाटीभर खळ मागून आणली आणि बॉबिनमध्ये ठासून उन्हात वाळवली.

धोंडिराम, सकाळी दहाला दिली ती बारापर्यंत पुरली. आधी लोळवली, भिंतीवर आपटली, मग दोन पंजांत उभी धरून जीभ आत घातली. बारा वाजता तिच्यावर मान टाकून झोपला. दिवसा झोपलेला मी त्याला पहिल्यांदा पाहिला. काशम्मा चूल सोडून बघायला आली. म्हणाली, "दमलं की वो. पाळीवरनं आल्यागत दमलं."

आता रोज एक बॉबिन. वाट्यांचा खेळही चालू आहे, त्यातही खळीचाच खडा ठेवतो. पण तो वाट्यांकडे बघतच नाही, माझ्या डोळ्यांकडे बघतो आणि मी जिकडे पाहीन ती वाटी उलटतो. म्हणून मी आता भिंतीकडे तोंड करून बसतो. येडू भिंतीवरून डोकावून म्हणाला, "अप्पा, कुत्र्यावर रुसला का?"

पंज्यावर नवे केस येत आहेत. गोल फिरणे थांबले.

तीन शंका आहेत. तो वाटी नेहमी डाव्या पंजाने उलटतो, उजव्यात काही दोष असेल का? इतके चाटून जीभ झिजते का? आणि लाकडाची कुसळ पोटात गेली तर?

तुझा,
वीरभद्रप्पा

—

मिरज
१९ मार्च १९७४

अप्पा, जयभीम.

तुमचं पत्र वॉर्डात मोठ्यानं वाचलं. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याला हसून खोकल्याची उबळ आली, नर्स मला ओरडली.

तिन्ही शंकांना उत्तर एकच, "नाही." डावरा असेल. जीभ झिजत नाही. कुसळ जात नाही.

आता माझी एक शंका. हातमागाच्या खळीत चरबी घालतात हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? गिरणीच्या खळीतही घालत होते. तुम्ही एकतीस वर्षं त्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होता आणि माझ्या डब्यात बोंबील निघाला की दोन बाकं सोडून बसत होता. कप्तानला कलेजी आणि तुमची खळ यात फरक वाटत नाही, म्हणून तो खूश आहे. आता हे वाचून दोनदा आंघोळ करू नका. खळच चालू ठेवा, वास बसला आहे.

तिसरा खेळ सुरू करा. आधी बॉबिन त्याच्यादेखत पोत्याखाली ठेवा, "ढूंढ" म्हणा. मग न दाखवता. मग लांब, मग राखेत पुरून, मग वर टांगून. दोन गोष्टी विसरू नका. सापडेपर्यंत त्याला मध्येच बोलवायचं नाही. आणि तो शोधायला गेला तर वस्तू तिथे असलीच पाहिजे. त्याचा तुमच्यावरचा भरवसा तेवढ्यावरच असतो.

माझं वजन किलोभर वाढलं. डॉक्टर खूश आहेत.

तुमचा,
धोंडिराम

—

मिरज
११ एप्रिल १९७४

अप्पांस पारूबाईचा जयभीम.

मी प्रौढांच्या वर्गात लिवायला शिकले, अक्षर समजून घ्या. ह्ये पत्र ह्यास्नी ठावं न्हाय. छातीचा दुसरा फोटू काडला. दुसऱ्या बाजूला बी डाग हाय. वजन वाढलं म्हून तुमाला लिवलं त्ये खोटं हाय, दोन किलो उतरलंय. जेवत न्हाईत. तुमचं पत्र आलं त्या दिवशी तेवढं जेवतात. कप्तानची पत्रं उशीखाली ठिवलीत, रोज कुणाला ना कुणाला वाचून दावतात. परवा डॉक्टरास्नी म्हनाले, माजा कुत्रा शाळंत जातो.

तवा अप्पा, माजी विनंती हाय. चांगलं असंल तेवढंच लिवा. वाईट काय झालं तर मला लिवा, खाली खोलीचा पत्ता दिलाय.

पारूबाई

—

भवानी पेठ, सोलापूर
२५ एप्रिल १९७४

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

धोंडिराम, शरणु शरणार्थी.

कप्तान छान आहे. जेवतो, झोपतो. ढूंढ म्हटले की शोधतो. काही काळजी नाही. ऊन वाढले आहे. काशम्मा बरी आहे. येडू बरा आहे. तू जेवत जा.

तुझा,
वीरभद्रप्पा

—

भवानी पेठ, सोलापूर
२८ एप्रिल १९७४

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

पारूबाईंस वीरभद्रप्पाचा शरणु शरणार्थी.

तुम्ही सांगितले तसे धोंडिरामला गोड पत्र लिहिले. ते लहानच झाले. खरे ते तुम्हाला लिहितो.

बुधवारी सकाळी येडूने गल्लीत ताणा लावला होता. ताणा म्हणजे चादरीचे उभे सूत. बांबूंच्या घोड्यांवर ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतात, ब्रशने ओली खळ लावतात आणि वाळू देतात. हजार-बाराशे धागे. एका घरातली सगळी माणसे दोन दिवस खपतात तेव्हा एक ताणा उभा राहतो. येडू आणि त्याची बायको नुकतीच जेवायला आत गेली होती. मी अंगणात कप्तानला ढूंढ म्हटले होते. बॉबिन पोत्याखाली होती. त्याने अंगण हुंगले, मान वर केली आणि भिंतीवरून गेला. करवानी जातीच्या शिकारी कुत्र्याला आमची भिंत म्हणजे काहीच नाही.

मी दारातून धावत गल्लीत गेलो तेव्हा तो ताण्यात होता. लोक म्हणतात त्याने ताणा फाडला. पारूबाई, तो फाडत नव्हता. तो शोधत होता. नाक घालून, पंजाने धागे बाजूला करत, या टोकाकडून त्या टोकाकडे नीट क्रमाने. मी शिकवले तसेच. मी "कप्तान, ये" म्हणून ओरडलो, तो आला नाही. सापडेपर्यंत यायचे नाही हेही मीच शिकवले. येडू बाहेर आला, त्याने गळपट्टा धरून ओढले. कप्तान गुंतला होता, घाबरला होता. त्याने येडूचा उजवा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दात आरपार गेला.

गल्लीतले लोक काठ्या घेऊन आले. काशम्मा कुत्र्याच्या पुढे उभी राहिली. म्हणाली, "आदी मला मारा, मग त्याला. दोगांचं बी वय झालंय." तो चार वर्षांचा आहे, पण काठ्या खाली गेल्या.

दवाखान्यात सांगितले, कुत्र्याला मारू नका. दहा दिवस बघा. कुत्रा जगला तर येडूच्या सुया थांबतील, मेला तर सगळ्या चौदा पोटात घ्याव्या लागतील. म्हणून ज्याला लोक मारायला आले होते त्याला आता सगळी गल्ली जगवते आहे. येडू सकाळी सुई घ्यायला निघाला की दारात थांबतो. "जगलं का कुत्रं?" म्हणतो. मी जगले म्हणतो. तो जातो. दहा दिवस झाले की हे जनावर गल्लीत दिसता कामा नये, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले आहे.

मी त्याच्या छपरीत बसून ताण्याचे तुटलेले धागे सांधतो. सकाळी आठ ते दिवस मावळेपर्यंत. चष्म्यातूनही धागा दिसत नाही, बोटाने चाचपून गाठ मारतो. तीनशेच्या वर झाले.

धोंडिरामला मी काय लिहू? चार मेला दहा दिवस होतात. मी शब्द दिला होता.

वीरभद्रप्पा

—

मिरज
२ मे १९७४

अप्पा, जयभीम.

तुमचं पंचवीस तारखेचं पत्र मिळालं. आठ ओळींचं. मी ते चार वेळा वाचलं. त्यात एकही तक्रार नाही, एकही शंका नाही. मी तुम्हाला सतरा वर्षं ओळखतो. तुम्ही नातवाच्या बारशाचं आमंत्रणसुद्धा "पाऊस आला नाही तर" असं लिहून पाठवलं होतं.

पारू विचारलं तर भांडी घासायला उठते. तुम्ही लिहिता काळजी नाही. म्हणजे कप्तान मेला. असं असेल तर तसं लिहा. मी माणसं मरताना पाहिली आहेत, कुत्रीही पाहिली आहेत. पण माझ्या पाठीमागे तुम्ही दोघं ठरवून बोलता हे मला सोसत नाही.

काल तुमची जुनी पत्रं वॉर्डातल्या एकाने वाचायला मागितली. मी दिली नाहीत.

धोंडिराम

—

भवानी पेठ, सोलापूर
६ मे १९७४

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

धोंडिराम, शरणु शरणार्थी.

कप्तान जिवंत आहे. हे पहिले वाच आणि मग पुढचे.

त्याने येडूचा ओल्या खळीचा ताणा उधळला आणि येडूला चावला. सगळी हकीकत पारूबाईंना लिहिली आहे, त्यांच्याकडून पत्र घेऊन वाच, त्यांना बोलू नकोस. तुझ्या जेवणासाठी त्यांनी मला गप्प राहायला सांगितले. परवा दहा दिवस झाले, कप्तान धड आहे, येडूच्या सुया थांबल्या. त्याचा अंगठा मात्र वळत नाही. अंगठा वळला नाही तर धोटा फेकता येत नाही, आणि धोटा फेकता आला नाही तर विणकराने काय करायचे.

पण पारूबाईंना मी एक खोटे लिहिले. बॉबिन पोत्याखाली होती असे लिहिले. ती पोत्याखाली नव्हती. माझ्या कोपरीच्या खिशात होती.

तू लिहिले होतेस, वस्तू तिथे असलीच पाहिजे. मी ते वाचले होते. पण तो इतका हुशार झाला होता की मी जिथे लपवीन तिथून तो ती आणायचाच. राखेतून, पाण्याच्या टाकीमागून, काशम्माच्या पेटीखालून. मला वाटले, वस्तूच नसली तर हा काय करील? किती वेळ शोधील? मला बघायचे होते. दुसरे काही कारण नाही. मी ढूंढ म्हटले आणि भिंतीकडे तोंड करून बसलो, माझे डोळे त्याला दिसू नयेत म्हणून. त्याने तीन वेळा अंगण पालथे घातले. माझ्याजवळ येऊन पायाला नाक लावले. त्याला कळले असेल की वास इथेच आहे. पण मी हललो नाही, म्हणून त्याने तो वास खोटा धरला आणि गल्लीतला खरा धरला. तो माझ्या खिशावर विश्वास ठेवून थांबला असता तर ताणा वाचला असता. त्याने माझ्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्या दिवसापासून बॉबिन पुढे ठेवली तरी तो तिला नाक लावत नाही. खळ बदलून पाहिली, भाकरी भरून पाहिली. ढूंढ म्हटले की खाली मान घालून कोपऱ्यात जाऊन बसतो. पुन्हा गोल फिरायला लागला आहे. पंजा पुन्हा सोलला.

ताण्याच्या गाठी संपल्या. आता येडू म्हणतो कुत्र्याला न्या. मी त्याच्याकडून आठ-आठ दिवस मागून घेतो आहे. रेल्वेचा संप होणार म्हणतात, पत्र तुला कधी मिळेल कोण जाणे. तू सांगशील तसे करीन.

वीरभद्रप्पा

—

मिरज
१ जून १९७४

अप्पा, जयभीम.

तुमचं सहा तारखेचं पत्र काल मिळालं. संपामुळे महिनाभर इकडे काही आलं नाही. तो महिना मी कप्तानला मेलेला धरून काढला. पारू शपथ घेऊन सांगत होती, मी ऐकलं नाही. काल पत्र वाचलं आणि पहिल्यांदा पूर्ण भाकरी खाल्ली.

मला तुमचा राग आला असता, पण तो धरायचा मला हक्क नाही. ते का, ते लिहितो.

एसटी स्टँडवर तुम्हाला तीन महिने म्हणालो. तेव्हा डॉक्टरांनी मला दोन वर्षं सांगितली होती. त्याच्या आठ दिवस आधीच सांगितली होती. मी पाच घरी विचारून आलो होतो, कोणी ठेवून घेत नव्हतं. दोन वर्षं म्हणालो असतो तर तुम्ही रात्रभर विचार केला असता आणि सकाळी नाही म्हणाला असता. म्हणून वस्तू तिथे नसताना मी तुम्हाला ढूंढ म्हणालो. तुम्ही कुत्र्याशी एकदा केलंत ते मी तुमच्याशी चार महिने करतो आहे.

आता एकच करा. मंगळवेढ्याच्या अलीकडे मायाप्पा मेंढक्या आहे, माझ्या ओळखीचा. त्याचा कळप सध्या तिथेच असेल. कप्तानला त्याच्या हवाली करा. तो खेळ शिकवणार नाही, पण रान देईल. येडूला सांगा, कुत्र्याचा गुन्हा नाही, शिकवणाऱ्यांचा आहे. तुमचा शब्द मी सोडवला.

फसलेल्या कुत्र्याला परत उभा करता येतं, पण नवा वास घेऊन अगदी पहिल्यापासून, आणि शिकवणारा रोज जवळ पाहिजे. ते आता कोण करणार. खळीचा वास त्याच्या दृष्टीनं संपला.

माझी दुसरी बाजूही गेली आहे. हे पारूनं तुम्हाला कळवलं असेलच.

धोंडिराम

—

भवानी पेठ, सोलापूर
१५ जून १९७४

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

धोंडिराम, शरणु शरणार्थी.

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस काशम्माशीही बोललो नाही. मला राग आला होता. मला साठ वर्षे लोक घाबरट म्हणतात, ते मला माहीत आहे. पण घाबरट माणसाला खरे सांगितले तर तो घाबरून का होईना, काहीतरी करतो. तू मला तेवढेही दिले नाहीस. हे लिहून झाले, आता पुन्हा लिहिणार नाही.

गेल्या आठवड्यात गुरुवारी मी कप्तानला घेऊन मायाप्पाकडे जायला निघालो. एसटीत कुत्रा घेत नाहीत म्हणून मालट्रकवाल्याला विचारले, तो तयार झाला. पण तू एसटीत चढताना बघितलेस तसाच कप्तान ट्रकमध्ये चढताना मागे वळून बघेल म्हणून मी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा तो चढलाच नव्हता. खाली बसून पंजा चाटत होता. मला वाटले, रानात हा पंजा कोण बघणार. मी ट्रकवाल्याला जा म्हणालो. तो मला काय म्हणाला ते लिहिण्यासारखे नाही.

परत येताना येडू दारात होता. मी त्याला सगळे सांगितले. खिशातली बॉबिनही सांगितली. त्याने ती हकीकत पहिल्यांदा ऐकली.

"म्हंजे कुत्र्याचा चूक न्हाय," म्हणाला.

"नाही. माझी."

"मग कुत्रा कशाला जाते? तुमी जावा की."

मी म्हणालो, "या वयात मी कुठे जाऊ?"

"माझ्या मागावर," तो म्हणाला. "अंगठा वळेपर्यंत. कांड्या भरायच्या, खळ लावायची, ताणा लावायचा. गिरणीत केलंय की तुमी. आन् भिंत वाढवायची. दोन वर्षं म्हंजे दोन हात तरी पायजे."

सोमवारपासून जातो आहे. तो मला शिव्या देतो, मी हळू आहे म्हणून. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. काल भिंतीचे विटांचे दोन थर झाले, विटा येडूने डाव्या हाताने दिल्या. त्याने कुत्र्याला माफ केले असे समजू नकोस. त्याला हात हवे आहेत, माझे आहेत.

कप्तान माझ्याकडे राहील. दोन वर्षे म्हणजे दोन वर्षे. मी तोवर राहीन की नाही ही माझी शंका आहे, पण ती तुला विचारत नाही.

आता कामाचे. तू लिहिलेस, नवा वास पाहिजे आणि पहिल्यापासून. शिकवणारा मी आहे. रोज जवळ मी आहे. वास कोणता, त्याचा विचार मी तीन दिवस केला. खळ या गल्लीत दर घरात आहे. तूप, गूळ, मिरची, तेल, सगळे दर घरात आहे. जो वास भवानी पेठेत कुठेच नाही आणि जो चुकला तरी त्याला कोणाच्या दारात नेणार नाही, असा मला एकच सापडला.

तुझा अंगातला सदरा पाठव.

तो पाठवण्याआधी एक सांगतो. फेब्रुवारीपासून तुझे प्रत्येक पत्र मी चिमट्याने धरून छपरावर नेत होतो, दिवसभर उन्हात वाळवत होतो आणि मगच उघडत होतो. वाचून झाले की हात राखेने धूत होतो. तुझ्या आजाराची मला भीती वाटते. अजून वाटते. काशम्माला मी सदऱ्याचे सांगितलेले नाही, तिला कळले तर ती रडेल. दवाखान्यातले लोक पाठवू देतील की नाही, माहीत नाही. त्यांना विचारू नकोस. पारूबाईंना पार्सल करायला सांग, येडूच्या पत्त्यावर, माझ्या नावाने.

उन्हात मी तो टाकणार नाही, टाकला तर वास जाईल. त्याची चिंधी करून बॉबिनमध्ये घालीन, आणि पहिल्या दिवशी कप्तानच्या देखत पोत्याखाली ठेवीन. ती तिथे असेल. रोज असेल.

पुढचा धडा तू लिहायचा. किती पावले, किती दिवसांनी लांब न्यायचे, मला काही येत नाही. तुझ्या हाताने लिही, पारूबाईंकडून लिहवून घेऊ नकोस. मी वाट बघतो.

सदरा धुऊ नका.

तुझा,
वीरभद्रप्पा